बहात्तरावा हिस्सा

एक इंच म्हणजे सहा फूट. हे कोष्टक मला कुणी पाठ करायला लावले नव्हते. माझे शिक्षण दहावीला संपले, आमच्या घरी त्याला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि गणिताशी माझी ओळख त्रैराशिकाच्या उंबऱ्यापर्यंतची. पण या कामाला त्रैराशिक पुरते. सहा फुटांचे ७२ इंच. तेव्हा जी वस्तू ७२ पटींनी लहान करायची तिच्या दर सहा फुटांमागे एक इंच धरायचा. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींत हे माप जुने आणि लाडके आहे. पंखांचा सात मीटरांचा पसारा दहा सेंटिमीटरांत बसतो, सबंध विमान जेवणाच्या ताटात मावते आणि आत बसलेला धिप्पाड वैमानिक करंगळीच्या पेराएवढा होतो.

माझा भाचा शाळेसाठी आमच्याकडे राहतो. यंदा आठवीत आहे. त्याने पावसाळ्यात वाढदिवसाच्या पैशांतून असे एक खोके आणले. खोक्यावर चित्र होते मिग-२१ चे. नाशिककरांना मिग हा शब्द परका वाटतच नाही. येवल्याची पैठणी, नाशिकची द्राक्षे, तसे ओझरचे मिग. रशियाने हे विमान केले हे आम्हाला ठाऊक असते, पण पैठणीचे रेशीम कुठून येते हे तरी कोण विचारत बसते? ओझरला १९६४ मध्ये कारखाना उभा राहिला आणि दोनएक वर्षांत तिथून मिग बाहेर पडू लागले. इंजिन ओरिसातल्या कोरापूटला, विजेची आणि रेडिओची उपकरणे हैदराबादला, आणि सांगाडा, पंख, शेपूट आमच्या ओझरला, अशी ती वाटणी होती.

खोके उघडल्यावर मला प्रथम हसू आले ते याच गोष्टीचे. ओझरची पहिली मिग विमानेही खोक्यांतूनच आली होती! रशियातून जुळलेले मोठे भाग यायचे, ते इथे जोडायचे. हात बसल्यावर लहान भाग मागवले, ते इथे जुळवले. मग आणखी लहान. असे करता करता १९७० च्या सुमारास कच्च्या पत्र्यापासून सबंध विमान इथेच होऊ लागले. म्हणजे माझा भाचा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जे करणार होता, ते या जिल्ह्यात पूर्वी खऱ्या मापाने होऊन गेले होते.

शाळेत मी हस्तकला शिकवते. कागदाची फुले, मातीची फळे, आईस्क्रीमच्या काड्यांची घरे, हा माझा प्रांत. कादंबऱ्या लिहिते ती रात्री. त्यामुळे या कामात भाच्याने मला भागीदार करून घेतले ते माझ्या बोटांवर विसंबून. विमानविद्येचा त्यात संबंध नव्हता. भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला लगडलेले असतात, झाडाला चिंचा लगडाव्यात तसे. प्रत्येक भाग पात्याने सोडवायचा, डेखाचा खुंट कानशीने घासायचा, पॉलिशपेपरने साफ करायचा. शरीराचे दोन उभे अर्धे असतात, भुईमुगाच्या शेंगेच्या टरफलासारखे. ते मिटण्यापूर्वी आतला संसार मांडून घ्यावा लागतो. खुर्ची, तिचे पट्टे, समोरचा तबकड्यांचा फळा. आणि नाकात शिसे. हे मला फार आवडले. मिगचा भार मागे असतो, त्यामुळे नाकात वजन न भरता प्रतिकृती मिटली तर ती पुढचे चाक वर करून शेपटीवर बसते. आम्ही गळाला लावायचे शिशाचे मणी ठेचून भरले. आता ते कुणाला दिसणार नाहीत, पण विमान तीन चाकांवर नीट उभे आहे ते त्यांच्या जोरावर.

तबकड्यांचा फळा हा एवढासा, नखाएवढा. भाच्याने पिन रंगात बुडवून त्याच्यावर पांढरे ठिपके दिले. दोन संध्याकाळी गेल्या. मग काच बसवून पाहिली, तर आतले काही म्हणजे काही दिसेना. मी म्हटले, "अरे, हे कुणाला दिसणार आहे?" तो म्हणाला, "पण मला माहीत आहे ना, मावशी."

शिक्षकाच्या नोकरीत हे वाक्य ऐकायला मिळणे म्हणजे पगारवाढच. कुणी पाहत नसतानाही बरोबर करावे, हे आम्ही फळ्यावर लिहितो, सुविचार म्हणून वाचून घेतो, आणि मुले ते वहीत उतरवून मोकळी होतात. इथे एक मुलगा अंधारात लोपणारे ठिपके मोजून मापून देत होता. मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. आणि त्याच वेळी आत्या आत आली.

आत्या आमच्याकडे असते. तिने टेबलाकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "माणसे मारायचे यंत्र ते. एवढा जीव लावून करायचे काय त्यात?"

आत्या काही भाबडी बाई नव्हे. १९७१ मध्ये ती नऊ वर्षांची होती. खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, दिवे मालवा म्हणून आळीतून फिरणारी पोरे, रेडिओभोवती बसलेली वडीलधारी माणसे, हे तिला आजही आठवते. तिच्या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात आणि दोन्ही मला जरा स्वस्त वाटतात. पहिले, "खेळणेच तर आहे." पण खेळण्याला कुणी इतकी अचूकता मागत नाही. बाहुलीच्या पोटात आतडी नाहीत म्हणून कोणती मुलगी हटून बसली आहे? ज्याच्या अंगावरचा एकेक सांधा खऱ्याबरहुकूम हवा, ते नुसते खेळणे राहिलेले नसते. दुसरे उत्तर, "देशाचे रक्षण करणारे विमान आहे." हे खरे आहे. पण खऱ्या गोष्टीसुद्धा कधी कधी बोलणे तोडण्यासाठी सांगितल्या जातात, आणि हे उत्तर बहुधा त्याच कामी येते.

भाच्याने तिसरेच उत्तर दिले. तो म्हणाला, "मग आपण किल्ला कशाला करतो?"

आत्या गप्प झाली, कारण आमच्या अंगणातला किल्ला दर दिवाळीला तीच करून घेते. विटा रचून त्यांच्यावर चिखलात बुडवलेली पोती टाकायची, बुरूज थापायचे, उतारावर अळीव पेरायचा, आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे, या सगळ्यात तिचा शब्द अखेरचा. आणि किल्ला म्हणजे तरी काय? लढाईचेच यंत्र. तट हा शत्रू मरावा म्हणून, बुरूज तोफेसाठी, कड्यावरचे धोंडे ढकलण्यासाठी. महाराष्ट्रातली सगळी मुले दिवाळीत आपापल्या दारात एक युद्धयंत्र उभे करतात, पुढे पणती लावतात, आणि आपण कौतुकाने शेजाऱ्यांचे किल्ले बघत फिरतो. त्याबद्दल कुणाचे मन कधी खाल्ल्याचे मी ऐकलेले नाही.

तेव्हा भाच्याचा बिनतोड मुद्दा मान्य करून मी पुन्हा कानस हातात घेतली. पण तो मुद्दा मला पुढे आठ दिवस सोडीना. किल्ला आणि विमान सारखेच, असे तर्क म्हणत होता आणि हात म्हणत होता की नाहीत. फरक कुठे आहे? शत्रू जुना झाला, एवढाच? तीनशे वर्षांपूर्वीचे रक्त वाळलेले आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ओले, असे काही? असेलही, पण ते काही फार प्रतिष्ठेचे कारण नव्हे.

एके दिवशी कुंभारवाड्यातून चित्रे आणली, आणि मला वाटते, फरक तिथे हाती लागला. आमच्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो. महाराज सिंहासनावर बसतात ते सिंहासन महादरवाजाहून मोठे. डोक्यावर घागर घेतलेली गवळण तट ओलांडून सहज पलीकडे जाईल आणि वाघ तर सबंध बालेकिल्ल्याला वळसा घालून निजेल. किल्ल्याला प्रमाणच नसते. किंवा असे म्हणू, की तिथे प्रमाण ठरते ते मायेने: ज्याचे महत्त्व जास्त त्याची उंची जास्त. म्हणून किल्ल्यावर माणूस मोठा आणि दगड लहान. ७२ च्या मापात असे लाड नाहीत. पंखाला जो न्याय तोच वैमानिकाला. विमान जितके अचूक होत जाते तितका माणूस अचूकपणे लहान होत जातो, आणि आपण त्यालाच खरेपणा म्हणतो.

(किल्ल्याची बाजू मी फार उचलून धरत नाही. त्या मोठ्या मोठ्या मावळ्यांत एकही मेलेला नसतो. विहीर असते, देऊळ असते, बाजार असतो. ज्याचा बाप गडावरून परत आला नाही असे एकही घर किल्ल्यावर मी पाहिलेले नाही, आणि आत्यालाही ते करायला मी सांगणार नाही.)

ज्यांना ही मापे केवळ हौशी माणसांच्या डोक्यातून निघाली असे वाटते, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने आपल्या शाळांकडे पाच लाख विमाने मागितली. लाकडाची, शाळकरी मुलांनी हाताने केलेली, काळ्या रंगाची आणि नेमकी ७२ पट लहान. शत्रूची आणि मित्रांची, दोन्हींची. कशासाठी? तर तोफेमागे उभ्या राहणाऱ्या शिपायाला आकाशातला ठिपका कुणाचा हे ओळखता यावे यासाठी. वर्गाच्या त्या टोकाला, ३५ फुटांवर, अशी प्रतिकृती धरली की ती अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. गुणून पाहा: ३५ गुणिले ७२, २५२० फूट, अर्ध्या मैलाला जरासे कमी.

हस्तकलेची शिक्षिका म्हणून या हकीकतीने मी चकित झाले, आणि अस्वस्थही. चकित अशासाठी, की कानशी आणि पॉलिशपेपर घेऊन बसलेल्या पोरांवर एका देशाने केवढा विश्वास टाकला! त्यांनी पंख अर्धा सूत वाकडा केला असता तर एखादा शिपाई आपल्याच विमानावर तोफ डागता. अचूकपणा हा तिथे शब्दशः जीवनमरणाचा प्रश्न होता आणि तो मुलांनी सोडवला. पण त्याच अचूकपणाने दुसऱ्या बाजूचा ठिपका ओळखला जात होता, आणि ओळखल्यावर पाडला जात होता. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली तर मुले हरखून जातील, हे मला ठाऊक आहे. सांगावी की नाही, हे अजून ठरलेले नाही.

या ३५ फुटांच्या हिशेबाने माझे एक कोडे मात्र सुटले. लहान करणे आणि दूर नेणे या दोन क्रिया डोळ्याला एकच आहेत. प्रतिकृती म्हणजे दुरून पाहिलेले विमान, फक्त हातात धरलेले. मग मी त्रैराशिक उलटे मांडले. विमान ५०० मीटरांवर असेल तर खाली उभा असलेला माणूस वैमानिकाला केवढा दिसेल? हात लांब करून पट्टी धरली तर तिच्यावर दोन मिलिमीटर. तांदळाची कणी. आणि तो उभा दिसला तर हो. वरून पाहिले तर तेवढाही नाही. म्हणजे ज्याला आम्ही करंगळीच्या पेराएवढा करून काचेखाली बसवणार होतो, त्याला त्याच्या जागेवरून आमच्यासारखी माणसे त्याहूनही लहान दिसत असणार. तो काही निर्दय नसतो. तो त्रैराशिकाच्या त्या टोकाला बसलेला असतो, इतकेच.

इथे मिगच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख आत्यानेच सांगून लिहवला असे व्हायचे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ विमानांनी रॉकेटे सोडली. आत पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांच्या मंत्रिमंडळाची बैठक भरायची होती. हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा लिहून दिला आणि तटस्थ जागा म्हणून जाहीर केलेल्या एका हॉटेलात आसरा घेतला. दोन दिवसांनी पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. बांगला देशात नऊ महिने माणसे मारली जात होती, एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले होते. ते सगळे थांबायला जी कारणे झाली, त्यांत ती छपरावरची रॉकेटेही आहेत. ती सोडायला नको होती असे मला म्हणवत नाही. सोडणाऱ्याच्या हातून काहीच पाप घडले नाही, असेही चटकन म्हणवत नाही. युद्धात दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात आणि आपल्याला मात्र एका वेळी एकच बोलायची सवय असते.

त्या वेळी हवाई दलाकडे जी मिग-२१ होती त्यांत ओझरला बांधलेलीही होती. आणि ओझरला बांधणारे आमच्या शेजारीच राहतात.

हे काका पंचाहत्तरी ओलांडलेले. कारखान्यात पस्तीसेक वर्षे पत्र्याचे काम करून निवृत्त झाले. त्यांचे वडील तांब्याचे हंडे ठोकायचे. हे ॲल्युमिनियम ठोकायला गेले, असे ते स्वतः सांगतात. पंखाचा पत्रा आणि त्याचे रिव्हेट, हे त्यांचे काम. गोल डोक्याचे रिव्हेट नव्हेत; पत्र्याशी इतके सपाट, की डोळे मिटून बोट फिरवले तर लागू नये. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या अंगावर बोटाला लागेल असे काही चालत नाही.

विमान जुळून झाले, रंग मात्र बाकी होता, त्या दिवशी भाचा त्यांना बोलावून घेऊन आला. पूर्वी हे विमान नुसत्या धातूच्या चंदेरी रंगाचे असे आणि १९७१ च्या सुमारास त्यावर घाईने हिरवे पट्टे ओढले गेले, तेव्हा यातले कोणते द्यावे, असा त्याचा पेच होता. काकांनी रंगाबद्दल काहीच म्हटले नाही. त्यांनी विमान तळहातावर घेतले, चष्मा काढला, डोळे मिटले आणि पंखाच्या मुळाशी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "इथे सांधा लागतो."

भाचा हिरमुसला. मी चहा टाकला. चहा पिता पिता गोष्ट २०२५ च्या सप्टेंबरवर आली. २६ तारखेला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. ६२ वर्षांची सेवा. काकांनी तो सोहळा दूरदर्शनवर पाहिला होता. मी म्हटले, "तुम्हाला वाईट वाटले असेल."

"वाईट? नाही ताई. सुटल्यासारखे वाटले."

मग ते जे बोलले ते मी इथे जमेल तसे देते. वर्तमानपत्रात मिग पडल्याची बातमी यायची. अमुक ठिकाणी पडले, वैमानिक वाचला किंवा वाचला नाही. विमानाचा क्रमांक बातमीत नसायचा. "क्रमांक असता तर मला समजले असते, की हे माझ्या हातचे नव्हे. किंवा माझ्याच हातचे. दोन्ही चालले असते. पण क्रमांक नाही म्हटल्यावर, ताई, पडलेले प्रत्येक विमान माझे असू शकत होते." बातमी आली की दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते बसमध्ये कुणाशी बोलत नसत. जागेवर गेल्यावर नेहमीपेक्षा सावकाश काम करीत. कुणी त्यांना कधी दोष दिला नव्हता. त्यांचे काम तपासणारे होते, त्या तपासणाऱ्यांना तपासणारे होते. विमाने पडतात ती शंभर कारणांनी: इंजिन बंद पडते, पक्षी धडकतो, उतरण्याचा वेग फार असतो, नवख्या मुलाचा अंदाज चुकतो. हे सगळे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि बसमध्ये बोलता येणे वेगळे.

२०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे दिले होते. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक, ४८२, चाळीस वर्षांत अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले. हे आकडे सगळ्या प्रकारच्या मिगचे आहेत, एकट्या मिग-२१ चे नव्हेत. मी ते काकांना सांगितले नाहीत. त्यांना ते पाठ असतील असे मला वाटले.

त्याऐवजी मी एक धीट प्रश्न विचारला. विचारू नये असा तो होता, पण कादंबरी लिहिणाऱ्यांना ही खोड असते. मी म्हटले, "काका, जी पडली त्यांची तुम्हाला एवढी रुखरुख. जी पडली नाहीत, नीट उडाली, जाऊन बाँब टाकून नीट परत आली, त्यांच्याबद्दल काय?"

ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तो हिशेब मी मांडला नाही. मांडायला नको होता असे नाही. पण पंख मजबूत असावा, आत बसणारा घरी यावा, एवढ्यापुरताच माझा हात पोचत होता. त्याच्या पुढे जे व्हायचे ते फार लांब होते."

फार लांब. म्हणजे पुन्हा तेच त्रैराशिक. काकांना काचेखालचा वैमानिक पुरुषभर उंचीचा दिसत होता, कारण त्याच्यासाठी त्यांनी पस्तीस वर्षे पत्रे ठोकले. आणि ज्यांच्यावर बाँब पडले ती माणसे तांदळाच्या कण्या. याचा मला राग आला नाही. माझे तरी काय निराळे आहे? नाशिकमध्ये आम्ही देवळालीच्या तोफांचा सराव ऐकत मोठे झालो. दूरवर धाड् असा आवाज होतो, तावदान थरथरते, आणि आपण फोडणीत मोहरी टाकतो. तो आवाज जिथे जाऊन पडायचा असतो तिथला विचार मी आयुष्यात किती वेळा केला असेन? प्रत्येकाजवळ एक फूटपट्टी असते. आपली माणसे त्याने खऱ्या मापाची धरायची, शेजारची जरा लहान, आणि सरहद्दीपलीकडची ७२ पट की ७२० पट, हे बघायलाही थांबायचे नाही. सगळ्यांना एकाच मापाने पाहणे हे संतांना जमले असेल. इतरांनी निदान आपली पट्टी कोणती आहे हे तिच्या कोपऱ्यावर लिहून ठेवावे, नकाशावर लिहितात तसे, असे मला वाटते. नकाशा काढणारा प्रामाणिक असतो. एवढ्याचे एवढे केले आहे, हे तो आधीच सांगून टाकतो. प्रतिकृतीच्या खोक्यावरही ते छापलेले असते. आपल्या सहानुभूतीवर मात्र ते कुठेच छापलेले सापडत नाही.

काका उठता उठता भाच्याने आपला खरा प्रश्न काढला. खोक्यात एक छोटासा वैमानिक होता. बसलेला, हात मांडीवर, तोंडावर नळी. तो बसवायचा की नाही? बसवला तर काच कायमची चिकटवावी लागणार. न बसवला तर काच उघडी ठेवता येते आणि ते पांढरे ठिपके दिसतात.

आत्या आतून म्हणाली, "बसव. माणूस आत आहे हे तरी दिसू दे लोकांना. नुसते चकचकीत यंत्र पाहून काय होते?" आत्याकडून हे येईल असे मला वाटले नव्हते. तिचा आक्षेप यंत्रावर होता आणि तिला त्यात माणूस हवा होता. नीट पाहिले तर यात विसंगती नाही.

काका म्हणाले, "आमच्याकडून विमान जायचे तेव्हा खुर्ची रिकामीच असायची. मला ते रिकामेच ओळखीचे आहे."

भाचा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग मला म्हणाला, "रिकामे ठेवले तर असे वाटते, की तो अजून आलेला नाही. किंवा उडी टाकून गेला. आणि बसवला, तर तो कधी उतरणारच नाही, मावशी. काच चिकटवल्यावर."

तेरा वर्षांच्या मुलाला काय उत्तर द्यायचे? मी म्हटले, "तू त्याला आधी रंगव तर खरा. चेहरा दे. मग बघू." त्याने दुसऱ्या दिवशी भिंगाखाली त्याला रंगवला. शिरस्त्राण पांढरे, कपडे करडे. डोळे द्यायला ब्रश जाड पडला, म्हणून माझ्या शिवणाच्या सुईने दिले. एका डोळ्याचा ठिपका जरा वर गेला आहे, त्यामुळे तो कुठेतरी बाजूला पाहतो आहे असे दिसते. बाटलीच्या बुचावर त्याला वाळत ठेवला, तो अजून तिथेच आहे, देवघराच्या फळीवर, निरांजनाच्या पलीकडे.

विमान घरात नाही. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि म्हणाले, "दोन दिवस देता का मला? तेवढा तो सांधा घासतो." सोबत स्वतःचा पॉलिशपेपर आणला होता, बारीक दाण्याचा, घडी घालून खिशात ठेवलेला. त्याला आज सहा दिवस झाले. भाचा रोज शाळेतून आल्यावर विचारतो, आणि मी त्याला मागायला जाऊ देत नाही. रात्री लिहायला बसले की त्यांची खिडकी दिसते. अकरा वाजून जातात तरी दिवा चालू असतो.